ऑइल कोणी टाकलं

नाई, उभे नोका राहू गोविंदभाऊ, बसा. त्या पाटावर नाई, त्याले खिळा निघाला आहे — इकडे या, मोहाच्या बुडाशी, इथं सावली अजून राहीन. कॅन बी सावलीतच ठेवा, उन्हानं पेट्रोल उडून जाते. हं. बिडी वढा आरामशीर, फक्त कॅनपासून जरा सरकून. राख झाडाले ते वाटीवानी दिसते ना खोक्यावर, ते घ्या. लिलाव ना? ठाऊक आहे मले. पल्याडच्या ग्रामपंचायतीत, दुपारून. पयले तलावाची बोली, मंग बाजाराची, अन् नावघाटाची सगळ्यात शेवटी. दरसाल तसंच राह्यते, अन् दरसाल घाट तुमालेच सुटते. जो समोर हजर नाई त्याची बोली धरायची नाई, हा नियम तर तुमीच करून घेतला ना, तो ढाणकीचा माणूस चिठ्ठी पाठवून बोली लावाले लागला तवा? मंग. तुमी गेल्याबिगर घाट कुठं जाते. इंजिन लागलं नावेले की पल्याड जायाले किती वेळ लागते — नाईकाची चिलीम विझत नाई तेवढ्यात जासान. काय नाईक? हे आमच्या तांड्याचे प्रेमसिंग नाईक, डोळ्यानं आता दिसत नाई त्यायले, पण कान शाबूत आहेत. सकाळपासून इथंच बसून आहेत. मीच बसवलं त्यायले. असंच. सावली आहे म्हून.

माह्या हाताले घाई जमत नाई, तुमाले ठाऊकच आहे. माही माय, याडी, म्हणे, हा खेमसिंग भाकर चावाले बसला की दुसऱ्या जेवणाची वेळ होते. अन् तुमी काल इंजिन टाकून गेले तवा इचारलं होतं ना एक — इचारलं होतं, इसरले काय — की खेमसिंग, हे मशीन ऑइल लय खाते, ते नवं फोर-स्ट्रोक निघालं म्हणते, ते घ्याव का? आता माणसानं इचारलं तर सांगाले पाह्यजे. अर्ध्यातून सांगणं मले आवडत नाई.

तर हे तुमचं जे आहे, हे टू-स्ट्रोक. याच्या पोटात ऑइल ठेवाले जागाच नाई. जुन्या स्कुटरी होत्या ना, पंपावर पेट्रोल टाकलं की वरून तो पोट्टा मापानं ऑइल सोडे, अन् मंग गाडी गदागदा हालवा लागे — तसंच हे. पेट्रोलमध्ये कालवून द्या, तर त्याच्याच संगं ऑइल आत जाते, पिस्टनले लागते, तो ज्याच्यात फिरते त्या भांड्याले लागते, अन् लागलं की जळून जाते. मागून निळा धूर निघते, तो कायचा? तुमच्या ऑइलचाच. पाण्यावर ती रंगीत साय पसरते नावेच्या मागं, ते बी ऑइलच. मच्छीमार बोंबलते की मासोळीले वास येते, अन् बरोबर बोलते. म्हंजे हे जेवढं चाललं तेवढं खाल्लं. आज टाकलं ते आज संपलं, उद्याले परत टाका. याले कालचं काई आठवत नाई — कालच्या ऑइलवर हे आज एक कोस बी जात नाई. पण बदल्यात काय आहे, हलकं आहे, उघडाले सोपं आहे, माह्यासारखा शाळेत न गेलेला माणूस बी दुरुस्त करते. मी तर वावरातल्या पाण्याच्या इंजिनावर शिकलो, धरणात वावर गेलं अन् इंजिन तेवढं उरलं. बसा, बसा. कार्बोरेटर हाती आहे ना माह्या, हे काय.

फोर-स्ट्रोकचं तसं नाई. त्याच्या पोटात खाली ऑइलची तळी राह्यते. एकदा भरलं की भरलं. पट्टी वढायची, फडक्यानं पुसायची, परत घालून पाह्यचं, किती आहे. पेट्रोल आपलं अलग, ऑइल आपलं अलग, एकमेकाच्या वाट्याले जात नाई. सालभर चालवा, तुमच्या दहाव्या हिशाएवढं बी ऑइल लागत नाई त्याले. मंग सालाच्या शेवटी बूच काढून सोडून द्यायचं — अन् तवा पाह्यजा गोविंदभाऊ, जेवढं टाकलं जवळजवळ तेवढंच बाहेर येते. काई जाळलं नाई त्यानं. फक्त काळं होते. काजळीसारखं काळं. जेवढं चाललं, जेवढं तापलं, ते समदं त्या ऑइलात उतरते अन् ते पोटात धरून ठेवते. धूर नाई, वास नाई, अन् आवाज बी — आवाज तर असा की नाव बाजूनं गेली तरी झोपलेलं माणूस कूस बदलत नाई. कुठं पाह्यलं म्हणता? पाह्यलं. पुसदले एकाजवळ आलंतं. हात लावून पाह्यलं, उघडून पाह्यलं. वजनानं भारी आहे, दोघाले उचला लागते, का तिघीले.

तिघाले म्हणालो. ती ओली चिंधी द्या इकडे.

आता ऑइल किती लागते ते एक झालं. पण माणसं इचारत नाई असं एक आहे अन् तेच खरं महत्त्वाचं — ऑइल टाकलं का नाई, ते कोणाच्या हाती आहे. फोर-स्ट्रोकले पट्टी आहे, कोणीबी वढून पाहू शकते, नावेतली म्हातारी बी म्हणू शकते, का बापू, दाखव बरं. टू-स्ट्रोकचं ज्यानं कालवलं त्यालेच ठाऊक. अन् तुमच्या घाटावरची रीत तर सगळ्यायच्या पल्याड. दुसऱ्या घाटावर नाववालाच आपल्या हातानं कालवते. तुमच्याकडे ऑइलची बाटली तुमच्या घरी, कुलपात. नाववाल्यानं सकाळी याव, तुमच्या ओट्यावरून कालवलेला कॅन उचलाव, अन् घाटावर जाव. का, तर नाववाले ऑइल इकते, म्हणे. कोणी इकलं होतं? कोणीच नाई. पण रीत पडली ती पडली. आज बी कॅन तुमीच भरून आणला ना? तुमच्याच हातचा. तेच म्हणतो मी. सवयीचा हात आहे.

भावसिंग बी तसाच कॅन उचलून आलता. माहा लहाना भाऊ. नाव काढलं की तुमी बिडी झाडता, झाडा. त्या दिवशी पल्याड बाजार होता, नावेत बाया, कोंबड्या, एक आजारी म्हातारी, अन् उन्हं कलताना परतीचा वारा सुटला, हा असाच चैतातला. मधात गेले, जिथं बुडालेल्या गावाची झाडं पाण्याखाली उभी आहेत तिथं, अन् इंजिन जाम. आवाज करून नाई, कुरकुर करून नाई — चालता बैल मटकन बसते तसं. वाऱ्यानं नाव त्या झाडाच्या टोकायवर नेली अन् उलटली. त्यानं बायायले एकएक करून त्या टोकायले धरवलं. म्हातारीले शेवटी धरवलं. ती म्हातारी अजून जिवंत आहे, इचारा तिले, तिनं सांगतलं मले, की तो म्हणे, मावशे, फांदी सोडजो नोको, मी आलोच. तो काई आला नाई. तिसऱ्या गावाच्या काठाले त्याचं मढं निघालं.

अन् त्याच्या तेराव्याच्या आधी तुमी तांड्यात आले. चांगलं धुतलेलं धोतर घालून आले. नाईकापाशी बसले, सगळ्या पंचायपाशी, अन् म्हणाले — नाईक, तुमाले आठवते का यायचे बोल? मले आठवते. मी कोपऱ्यात उभा होतो. म्हणाले, वाऱ्याचा दोष नाई, वाऱ्यानं काई होत नाई, इंजिन चालू असलं तर नाव वाऱ्याले चिरत जाते. अन् ऑइल असलं तर इंजिन बंद पडत नाई. मी कॅन बराबर भरून देल्ला होता. भावसिंगानं तो रस्त्यात इकला अन् नुस्तं पेट्रोल टाकलं. दारूसाठी. — असे बोल. नाईक हो म्हणाले, मी नाईकाले बोल लावत नाई, ठेकेदार माणूस धुतलं धोतर घालून सांगते तर कोण नाई म्हणन. पण त्या दिवसापासून माह्या भावाच्या बायकोले, मैनाबाईले, काय झालं ते पाह्यलं का कोणी? घाटावर सालातून एकदा साती आसरायची ओटी भरते ना, पयली नाव सुटाच्या आधी, नाववाल्याच्या बायकोनं भराव असं आहे. ती पिढीजात आमच्या घरची. तुमी तुमच्या घरची बाई आणून बसवली तिथं. मैनाबाई नारळ घेऊन आली तर तुमी म्हणाले, जिच्या नवऱ्यानं नाव बुडवली तिच्या हातचं पाण्याले चालत नाई. हेच म्हणाले. लोकायसमोर. ती नारळ घेऊन माघारी गेली, पदरात धरून, अन् मी इथंच होतो, याच मोहाखाली, हातात तुमच्याच इंजिनाचा प्लग होता. मी तो प्लग पुसला अन् बसवला. मले घाईचं जमत नाई.

वारा निघाला, नाई? पान हालाले लागलं. मोहाची फुलं पाहा कशी पडून राह्यली. अजून वेळ आहे, खरंच आहे, मी खोटं नाई बोलत — घाटाची बोली शेवटी आहे. दुसरा डोंगा पाहता? पाहा की. नाई दिसत ना एकबी? समदे सकाळीच पल्याड गेले. मीच म्हणालो त्यायले, जा म्हणालो, आज जरा तिकडे जाळं टाका. थर्माकोलचा तराफा आहे त्या झाडाले बांधलेला, त्याच्यावर जासान काय? नाई, मस्करी केली. अन् गाडीनं फेरा घालाव तर तुमची जीप पोरगं घेऊन गेलं उमरखेडले, तुमीच सांगतलं काल. अन् येष्टी तुमच्या इथं याच्या आधीच निघून गेली. डोंगे काहून पाठवले म्हणता? काई नाई, असंच. लोकं जास्त असले तर लिलाव चांगला होते. बायायले बी धीर येते.

कोणत्या बाया.

आता बोललोच आहो तर ऐका. हे मी बोलाले नव्हतं पाह्यजे, निदान दुपार होईस्तोवर तरी नाई, पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाचं बूच सैल राह्यते. मैनाबाईचा बचत गट आहे, तांड्यातल्या बायायचा. सरकारच्या कोणत्या योजनेत नाव भेटली त्यायले, इंजिनासकट. फोर-स्ट्रोक. पुसदहून आलं ते माह्या घरी उतरवलं, त्याचे नट मी आवळले, ऑइल मी भरलं, पट्टी कशी पाह्यची ते त्यायले मी दाखवलं — भैरवी नावाची सून आहे एक, ती एकाच दिवसात शिकली. आज सकाळी, तुमी इकडे यायच्या आधी नाई, तुमी इथं आल्यावर, हातपाय धुवाले खाली पाण्यावर गेलते ना, तवा ती नाव त्या बेशरमाच्या झुडपाआडून निघून गेली. तुमच्या पाठीमागून. तुमी वळून बी पाह्यलं नाई. काहून पाह्यसान, तुमच्या कानाले नाव म्हंजे फटफट अन् धूर. मी म्हणालो ना, फोर-स्ट्रोकचा आवाज येत नाई. तेव्हाच म्हणालो. त्या पल्याड पोचल्या असतीन आता, पदर खोचून बसल्या असतीन त्या खोलीत. घाटाची बोली लावाले. अन् तुमी हजर नसले तर दुसरा बोलणाराच कोण आहे.

बसा. माह्यावर हात उगारून काय होते, मले दोन दात आहेत, ते बी हालते.

इंजिन? इंजिन तर काल संध्याकाळीच झालतं. जेटमध्ये कचरा होता, फुंकर मारली अन् निघाला. हे कार्बोरेटर मी सकाळपासून खोलून राह्यलो अन् लावून राह्यलो, तुमी पाह्यलं असन की एकच नट चारदा फिरवला, पण तुमचं ध्यान घड्याळात. हे पाहा, बसवलं. दोरी वढतो. — ऐकलं? पयल्या झटक्यात. कसा धूर काढते पाहा, त्यात टाकीतलं कालचं जुनं पेट्रोल आहे, मीच कालवून टाकलंतं, दाखवापुरतं. आता संपलं ते. बंद झालं. आता तुमचा कॅन ओता अन् चला. उचला, एका बाजूनं मी धरतो. नाव बांधलेलीच आहे, नाववाला नसला तर नसला, तुमाले काय चालवता येत नाई काय. वारा तर असा सुटला आहे जसा त्या दिवशी होता, पण वाऱ्यानं काई होत नाई. तुमचेच बोल आहेत. इंजिन चालू असलं तर नाव वाऱ्याले चिरत जाते. ऑइल असलं तर इंजिन बंद पडत नाई. कॅन तर तुमच्या हातचा आहे, कुलपातल्या बाटलीतून भरलेला. रस्त्यात इकला नाई ना कोणी?

काहून थांबले?

तुमी पाण्यावर गेले तवा मी कॅनचं बूच काढून बोट बुडवलं. पेट्रोलची पारख अशी करते आमी — अंगठ्यानं बोट घासायचं. नुस्तं पेट्रोल असलं तर उडून जाते, बोट कोरडं, थंड लागते. ऑइल असलं तर मागं बुळबुळ राह्यते, दिवसभर हाताचा वास जात नाई. त्या दिवशी नाव सापडली तवा बी मी असंच बोट लावलं होतं, टाकीत चुळकाभर उरलं होतं त्याले. त्या दिवशी काय लागलं अन् आज काय लागलं ते मी सांगत नाई. मी काहून सांगू. तुमी घाटावर आले, मी तुमचं इंजिन सुधरून देल्लं, माहं काम झालं. ते मशीन तवा मीच उघडलं, तेबी तुमाले ठाऊक नाई, भंगारात टाका म्हणाले होते तुमी. पिस्टन कोरडा होता, अंगभर ओरखडे, वाघानं नख्या मारल्यावानी. तो काढून घेतला मी. तुमी सकाळपासून राख झाडून राह्यले ना ज्याच्यात, तो. नाई, खाली नोका ठेवू, राहू द्या हातात. पाहा नीट. बोटानं चाचपा. नाईकाच्या हाती द्या म्हणालो तरी द्यान का?

माह्या मनात दुसरं बी आलंतं, आलं नाई असं नाई. प्लग अर्धा सैल ठेवाव, मधात गेला की निघन. मी रोज नवं काईतरी मनात करू अन् सकाळी उठून तुमचं इंजिन चांगलं करून देऊ. कितीतरी डाव तुमी याच लाकडी घोड्यावर इंजिन टाकून गेले, अन् म्हणाले, खेमसिंग भला माणूस आहे. भला नाई मी. फक्त हळू आहो.

आता एक सांगतो अन् मंग मी गप बसतो. त्या फळीवर माही ऑइलची बाटली आहे. भरलेली. तुमाले घाट पाह्यजे ना? भेटू शकते अजून. पुरं ऑइल कालवलं तर हे मशीन तुमाले वाऱ्यातून सुखरूप नेते, माह्या हाताची जबाबदारी. बोली लावा, जिंका, मैनाबाईले परत माघारी पाठवा, मी आडवा येत नाई. फक्त मागा. म्हणा, खेमसिंग, मले ऑइल दे, माह्या कॅनमध्ये नाई. एवढंच. मोठ्यानं म्हणा, नाईकाच्या कानावर पडन असं. नाईक, चिलीम जरा बाजूले ठेवा, गोविंदभाऊ काई बोलून राह्यले.

नाई म्हणत? कॅनात ऑइल आहे म्हणता? मंग उचला ना. कोण अडवते. ती नाव, ते पाणी, तो तुमचा घाट.

नाईक, तुमाले दिसत नाई म्हून मी सांगतो. कॅन त्यायच्या पायाशी आहे. पाटी पल्याडच्या ग्रामपंचायतीची इथून दिसते एवढं ऊन लख्ख आहे. अन् ते उठून नाई राह्यले. आता तुमी ज्याच्यावर हो म्हणाले होते त्याचं काय करायचं ते तुमच्याजवळ. घरी चालले? चाला, सांजेले घाटावर या मात्र. वारा पडला की बाया येतीन, मैनाबाईच्या ओटीचा नारळ मी आणून ठेवला आहे.

तुमी बसा गोविंदा, सावली आहे अजून. मले काम आहे.